हौसा परटीण आणि सिदोजीचं मुंडासं

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे वरच्या गडाला अजून दरवाजा होता आणि तो सांजेला लागायचा तेव्हाची गोष्ट. गडाच्या पायथ्याशी आमचं उंबरडोह. गाव मुठीएवढं, पण घरटी एक तरी गडी फौजेत. दुसऱ्या गावांत पोर जन्मलं की म्हातारे विचारायचे, औत धरील का? आमच्याकडे विचारायचे, भाला पेलेल का? मुलगी झाली की काहीच विचारायचे नाहीत.

गावाला एक नदी, नदीला एक घाट आणि घाटावर म्हाळू परीट. म्हाळूची एकुलती एक लेक हौसा. आई तिला जन्म देऊन गेली. लग्न पाळण्यातच लागलं होतं, पण नवरा देवीच्या साथीत गेला. तिने त्याचं तोंडही धड पाहिलं नव्हतं. मग ती बापाच्या घाटावरच वाढली आणि धुणं धुवायला लागली. आणि धुणं तरी कसं! असं म्हणतात की हौसेने वाळत घातलेलं धोतर पाहून बगळे लाजून उडून जायचे. आता बगळे कधी लाजतात का, ते आपल्याला ठाऊक नाही, पण पंचक्रोशीत तिच्यासारखा हात नव्हता हे खरं. पाटील म्हणायचा, पाटलीण म्हणायची, कधीमधी गडावरून उतरणारा हवालदारही म्हणायचा. एकटा म्हाळू तेवढा म्हणायचा नाही. हौसा धुतलेलं कापड त्याच्या पुढ्यात धरायची, तो एकवार बघायचा, "हूं" म्हणायचा आणि गाढवावर ओझं लादायला वळायचा.

म्हाळूचं मन दुसरीकडेच गुंतलेलं होतं. उंबरडोहाची तेव्हाची रीत अशी होती की गावचा गडी दूरच्या मुलखात पडला तर त्याचा देह काही गावी यायचा नाही. तो तिकडेच मातीला मिळायचा. यायचं फक्त त्याचं मुंडासं. सोबतीचे स्वार ते घेऊन यायचे, पण घरी न्यायचे नाहीत. आधी घाटावर, म्हाळूच्या हाती द्यायचे. त्यावर चिखल असायचा, घोड्याची लीद असायची, वाटेची धूळ असायची आणि रक्त असायचं. म्हाळू आधी आधणाचं पाणी रक्ताच्या डागावर ओतायचा, कारण गरम पाण्याने रक्त कापडात पक्कं बसतं, मग सहसा निघत नाही. त्यानंतर भोवतालचं सगळं धुवायचा. मुंडासं पांढरंशुभ्र व्हायचं आणि डाग तेवढा लाल राहायचा. मग ते दोन्ही हातांवर आडवं घेऊन तो अनवाणी त्या घरी जायचा. त्या दिवशी म्हाळू तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

हौसा लहान असताना तिने एकदा विचारलं होतं, "आबा, चिखल काढतोस, मग रगत का ठिवतोस?"

म्हाळू म्हणाला, "चिखल परक्या मुलखाचा, पोरी. तो आपुन घरात घ्यायचा न्हाई. रगत आपल्या मुलखापायी सांडल्यालं, ते धुवायचं न्हाई."

"मुलूख म्हंजी काय रं आबा?"

म्हाळू कधी शाळेत गेला नव्हता, गडावर तर नाहीच नाही. त्याने नदीकडे बोट केलं. "हे पानी जितनं येतं आन जितवर जातं, त्यो समदा मुलूख. ते वर कुनी आडीवलं तर खाली तुजं धुनं वाळवंटात. आडवू ने म्हनून ही पोरं जात्यात."

असं सांगताना म्हाळूचे डोळे असे चमकले की हौसेने पुढचं काही ऐकलंच नाही. तिच्याकडे बघताना ते डोळे कधी असे चमकले नव्हते. तिला त्या दिवशी मुलूख कळला नाही. पण बापाचं मन कुठे असतं ते मात्र चांगलं कळलं.

आणि भाद्रपदातली ती चवदस! पितरांच्या पंधरवड्यात जी चतुर्दशी येते ती हत्याराने पडलेल्यांची. त्या दिवशी गावातली सगळी मुंडाशी घाटावर यायची. म्हाळू ती पाण्यातून एकेकदा काढून पायऱ्यांवर ओळीने पसरायचा आणि नावं घ्यायचा. नाव घेताना त्याचा आवाज असा मऊ यायचा की तान्ह्याला हाक मारतोय असं वाटावं. नावं संपली की घराघरांतून आणलेला खीर-वड्यांचा नैवेद्य मुंडाशांपुढे ठेवायचे. हौसा पाण्यात गुडघाभर उभी राहून ओझी उचलायची आणि मनात जळायची. कुणी म्हणेल, मेलेल्यांवर कोण जळतं? तर बाबांनो, हौसा जळायची. जिवंत माणसाशी भांडता येतं, त्याच्यापेक्षा सरस ठरता येतं. मेलेल्या माणसापुढे तुम्ही काय करणार? त्याची कधी चूक होत नाही, तो कधी उलट बोलत नाही, म्हातारा होत नाही. हौसेला वाटायचं, आबाने एकदा, फक्त एकदा माझं नाव असं घ्यावं. पण त्यासाठी आधी मरावं लागेल, असं तिला वाटायचं, आणि मग तिचं तिलाच रडू यायचं.

हे सगळं एकीकडे आणि सिदोजी एकीकडे.

सिदोजी हा तुळसाक्काचा मुलगा. तुळसाक्काचा नवरा असाच लढाईत पडलेला, त्याचं मुंडासंही ओळीत असायचं. घरात मायलेक दोघंच. सिदोजीला पोहायला शिकवलं म्हाळूने, डोहातला भोवरा दाखवला म्हाळूने. तो म्हाळूला "आबा" म्हणायचा आणि म्हाळूला त्याचं काय कौतुक! फौजेत जायच्या दिवशी म्हाळूने त्याचं मुंडासं स्वतः धुतलं, त्याला भाताच्या पेजेची खळ दिली आणि स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्याला बांधलं. बांधताना म्हणाला, "मला ल्योक असता तर असाच धाडला असता. आता तूच."

हौसा मागे गाढवाचा दोर धरून उभी होती. तिने ते ऐकलं. सिदोजी भला पोरगा होता, जाताना तिच्याकडे वळून म्हणाला, "हौसे, आबाला जप." ती म्हणाली, "तू कशाला सांगतोस? बाप माजा हाय." गावाला ते थट्टेचं वाटलं. सगळे हसले, सिदोजीही हसला आणि गेला.

त्या साली वेढा लांबला. पावसाळ्यातही फौज परतली नाही. श्रावण उतरणीला लागला, पावसाने उघडीप दिली आणि एका सकाळी दोन स्वार घाटावर आले. घोडी दमलेली, माणसं त्याहून दमलेली. एकाने चिखलाने भरलेलं मुंडासं म्हाळूच्या हाती दिलं. "तुळसाक्काच्या सिदोजीचं. मोर्च्यावर म्होरं हुता. कपाळावर वार झेलला." एवढं बोलून ते पुढच्या गावी निघाले, कारण त्यांच्या झोळीत आणखी मुंडाशी होती.

म्हाळू मुंडासं घेऊन खाली बसला. आजवर इतकी मुंडाशी त्याच्या हातांतून गेली, पण हात कधी कापले नव्हते. त्या दिवशी कापायला लागले ते थांबेनात. तो मोठ्याने रडला. हौसेने बापाला रडताना कधी पाहिलं नव्हतं. मग म्हाळूने ते मुंडासं तिच्या पुढे केलं. "माज्यानं न्हाई व्हायचं. तू धू. रगत ऱ्हाऊ दे, बाकी समदं काड." आणि भिंतीकडे तोंड करून तो घोंगडीवर पडला.

मानाचं ते धुणं आपल्याला कधीतरी मिळावं म्हणून हौसा जन्मभर आसुसली होती. मिळालं तेही सिदोजीमुळे, आणि बाप उठू शकला नाही तोही सिदोजीपायी. मुंडासं घेऊन ती घाटावर गेली. चुलीवर आधण ठेवलेलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तसंच सोडलं. मुंडासं उचललं आणि वाहत्या गार पाण्यात सोडलं.

गार पाण्याने रक्त सुटतं. परटाच्या पोरीला हे सांगावं लागत नाही.

तिने रिठ्याचा फेस घातला, लिंबू पिळलं, वाळूने घासलं. तिचा धुण्याचा दगड घाटाच्या कडेला होता, काळा आणि रुंद. त्यावर तिने ते मुंडासं आपटलं. आपटताना ती म्हणत होती, "घे, ल्योक. घे, ल्योक." हाताची सालटी निघाली तरी ती थांबली नाही. वाळलेलं, जुनं, कपाळाचं रक्त. जगातल्या कुठल्याही परटाने हात टेकले असते. पण हौसेच्या हाताला यश होतं. दुपार कलली तोवर डाग गेला. उन्हात पसरलेलं मुंडासं असं पांढरं दिसत होतं की त्याच्याकडे बघवेना. हौसेच्या मनात आलं, आता हे नुसतं कापड आहे. आता बघू या आबा कुणाला जवळ घेतो.

संध्याकाळी म्हाळू उठला. त्याने मुंडासं हातात घेतलं, उलटलं, पुन्हा उलटलं, उजेडाकडे धरलं. मग लेकीकडे पाहिलं. हौसेला वाटलं, आता मारील. त्याने मारलं नाही. त्याने "हूं" सुद्धा म्हटलं नाही. ते दोन्ही हातांवर घेतलं आणि अनवाणी तुळसाक्काच्या दारी निघाला.

तुळसाक्का उंबऱ्यात उभी होती. तिने मुंडासं उराशी धरलं, मग उलगडलं आणि बघायला लागली. बघता बघता म्हणाली, "म्हाळूबा, ह्यात माजा सिदोजी कुठं हाय?"

म्हाळू म्हणाला, "माज्या हातनं झालं, आक्का. हात कापला, पानी गार पडलं. पोरगा म्होरं हुता. कपाळावर झेललाय."

पण गाव काही साधं नव्हतं. उंबरडोहात डाग हा फक्त डाग नव्हता, ती साक्ष होती. ज्याच्या मुंडाशावर रक्त तो उभा राहून पडला. ज्याचं मुंडासं कोरं तो पळताना टाकून गेला. मागे कधीतरी एक कोरं मुंडासं आलं होतं, तेव्हा ते ओळीत ठेवलं नव्हतं आणि ते घर गाव सोडून गेलं होतं. आता लोक कुजबुजू लागले. म्हाळूचा हात आजवर चुकला नाही, तो आत्ताच कसा चुकला? पोरावर जीव होता ना त्याचा! मुंडासं कोरंच आलं असणार आणि माउलीला लाज नको म्हणून म्हातारा खोटं बोलतोय. स्वारांचं बोलणं ऐकलं होतं एकट्या म्हाळूने आणि म्हाळूवर कुणी विश्वास ठेवेना. बायका तुळसाक्का आली की पाणवठ्यावरून उठू लागल्या. पाटलाने सांगितलं, चवदशीला हे मुंडासं ओळीत लागणार नाही.

हौसा धुणं द्यायला गावात गेली की तिला तुळसाक्का दिसायची. ती दारात बसून मांडीवरचं मुंडासं वीतवीत सरकवत उन्हात धरायची. कुठे एखादा तरी लाल ठिपका राहिला असेल म्हणून शोधायची. हौसा मान खाली घालून पुढे जायची. तिला वाटलं होतं, सिदोजी गेला की आपण उरू. पण घरात बाप आता तिच्याशी बोलत नव्हता आणि सिदोजीबद्दलही बोलत नव्हता. आधी निदान "हूं" तरी असायचा.

आणि मग घाटावर ती गोष्ट घडली. असं म्हणतात की पाटलाचं धोतर हौसेने त्या काळ्या दगडावर आपटलं आणि उचललं तर त्यावर लाल डाग. तिला वाटलं, गेरू लागला. तिने धुतलं, डाग वाढला. पाटलिणीचं लुगडं, तोच डाग. कुलकर्ण्याचा पंचा, तोच डाग. गावात ओरड झाली, हौसेच्या हाताला झालंय काय? जिचं धुणं पाहायला लोक यायचे तिच्या अंगावर कपडे फेकले जाऊ लागले. एके दुपारी घाटावर कुणी नसताना तिने एक चिंधी दुसऱ्या दगडावर आपटली. पांढरी. तीच चिंधी काळ्या दगडावर आपटली. लाल. मग तिने दगडावर हात ठेवला आणि तिथेच बसून राहिली. कापडातून काढलेलं रक्त पाण्याबरोबर वाहून गेलं असं ती समजत होती. ते गेलं नव्हतं. दगडाने ठेवून घेतलं होतं.

चवदशीला सगळं गाव घाटावर जमलं. ओळ लागली. म्हाळू नावं घ्यायला उभा राहिला. तुळसाक्का लांब, पिंपळाखाली, पदरात मुंडासं लपवून बसली होती. ओळीत तिच्या नवऱ्याचं मुंडासं होतं आणि त्याच्या शेजारची जागा मोकळी होती. हौसा पाण्यातून वर आली. ओल्या पायांनी ओळीच्या पुढे उभी राहिली.

"सिदोजीचं रगत म्या काडलं," ती म्हणाली. "आबानं न्हाई. म्या."

पाटील म्हणाला, "बापाला झाकतीस व्हय?"

"झाकत न्हाई. आधण तयार हुतं. म्या मुद्दाम गार पान्यात घातलं."

"आन कशापायी?"

हौसेने ओळीकडे हात केला. "जळले म्हनून! सिदोजीवर जळले. ह्या समद्यांवर जळते म्या, ल्हानपनापासनं. मेलेत तरी आबा ह्येंचाच. म्या जिती, तर मला इचारतंय कोन?"

घाटावर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मेलेल्यांवर जळल्याचं कबूल करणारं माणूस गावाने कधी पाहिलं नव्हतं. कुणी म्हणालं, हिला वारं लागलंय. कुणी म्हणालं, बापासाठी सोंग करतेय. हौसा सरळ तुळसाक्काकडे गेली. "आक्का, ते द्या." तुळसाक्का देईना. हौसा तिच्या पायाशी बसली. "एकडाव द्या. न्हाई आलं परत, तर मला ह्याच डोहात लोटा."

तुळसाक्काने दिलं. हौसेने ते नदीत बुडवलं, काळ्या दगडापाशी नेलं आणि एकदाच, फक्त एकदाच आपटलं. मग दोन्ही हातांनी वर धरलं. असं म्हणतात की आधी काहीच दिसलं नाही. मग कापडाच्या मधोमध एक ठिपका उमटला, आणि उमलत उमलत हाताच्या पंजाएवढा झाला. कपाळावर मुंडासं जिथे बसतं, नेमका तिथे. पाणी खाली गळत होतं ते स्वच्छ होतं. डाग जागचा हलत नव्हता.

तुळसाक्का धावत आली. तिने त्या डागावर गाल ठेवला. ती काय म्हणत होती ते कुणाला कळलं नाही, आणि कळावं असंही कुणाला वाटलं नाही. जुन्या पाइकांनी डोक्यावरची मुंडाशी उतरवून हातात घेतली.

पण गुन्हा तो गुन्हा. पाटलाने घसा खाकरला. "मुंडासं लागंल ओळीत. पर ह्या पोरीनं वीराची साक्ष पुसली. हिचा घाट बंद. गावात हिच्या हातचं पानी बी कुनी घ्यायचं न्हाई." माणसं माना डोलवू लागली. म्हाळू खांब झाल्यासारखा उभा होता.

तेव्हा तुळसाक्का वळली. मुंडासं छातीशी तसंच होतं. ती पाटलाशी बोललीच नाही. म्हाळूकडे बघत म्हणाली, "म्हाळूबा, मला माजा मेल्याला गावला. तुला तुजी जिती लेक दिसंना व्हय रं?"

तुळसाक्काने सिदोजीसाठी आणलेल्या पानावरचा वडा मोडला आणि म्हाळूच्या हातात ठेवला. "आदी हिला दे. माजा सिदोजी थांबंल. त्याला आता कसली घाई न्हाई."

म्हाळू लेकीजवळ आला. त्याने तिचे हात बघितले. सालटी गेलेले, फुटलेले, रिठ्याने पांढरे पडलेले हात, आणि असं म्हणतात की त्याने ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मग तो म्हणाला, "ते पाप हाय, हौसे. मोटं पाप हाय." ती मान खाली घालून उभी. "पर काय धुतलंस, पोरी! असं पांडरं माज्या हातनं जल्मात निगालं नसतं."

आता यावर गावाने हसावं की रडावं? काहींनी दोन्ही केलं. म्हाळूने घास तिच्या तोंडात घातला. हौसा चावायचीही विसरली, नुसती रडत राहिली. मग म्हाळूने ओळीकडे तोंड केलं आणि नावं घ्यायला सुरुवात केली. पहिलं सिदोजीचं घेतलं. त्या दिवशी हौसेने पहिल्यांदा सगळी नावं ऐकली. आजवर ती फक्त बापाचा आवाज ऐकत आली होती. प्रत्येक नावामागे एक घर होतं, त्या घरात कुणीतरी मागे राहिलं होतं, आणि नदी त्या सगळ्या घरांच्या दारांवरून वाहत होती. बापाने लहानपणी नदीकडे बोट का केलं होतं, ते तिला तेव्हा समजलं.

पाटलाने पुन्हा शिक्षेचं नाव काढलं नाही. हौसेने स्वतःच एक शिक्षा घेतली, तिला शिक्षा म्हणायचं तर. म्हाळू थकला, मग गेला, आणि त्यानंतर हौसा फौजेमागून फिरू लागली. ज्यांचं मुंडासं आणायला सोबती उरला नाही त्यांची मुंडाशी ती लढाईच्या रानातून गोळा करायची. आपल्या गावचं की परगावचं, हे पाहायची नाही. आधणाने रक्त पक्कं करायची, परक्या मुलखाचा चिखल धुवायची आणि गावोगाव अनवाणी पोचवायची. घरात शिरली की आधी विचारायची, "मागं कोन ऱ्हायलंय?" आणि कोपऱ्यात फुरंगटून बसलेलं एखादं पोर असलं, एखादी बहीण असली, तर आधी तिच्याजवळ बसायची. असं म्हणतात की मेलेल्यांवर जळणारं माणूस तिला दारातूनच ओळखू यायचं.

एका साली ती परतली नाही. दूरच्या घाटमाथ्यावरून कुणीतरी तिच्या लुगड्याचा पदर आणून दिला. त्यावर रक्त नव्हतं, नुसता चिखल होता, कुठल्या मुलखाचा कोण जाणे. गावाने तो चिखल धुतला नाही. चवदशीच्या ओळीत, इतक्या मुंडाशांमध्ये, तो एक पदर लागला.

आता मुंडाशी नाहीत. आता उंबरडोहाची पोरं सीमेवर जातात आणि पडली तर तिरंग्यातून येतात. काळा दगड अजून घाटाच्या कडेला आहे, त्यावर कुणी धुणं आपटत नाही. भाद्रपदातल्या चवदशीला पायऱ्यांवर टोप्या आणि तसबिरी मांडतात. पण नावं घेण्याआधी आमच्या गावात एक गोष्ट करावीच लागते. ज्या घरातला गेला त्या घरातल्या आईबापांनी आपल्या उरलेल्या लेकराला नावाने हाक मारायची आणि नैवेद्यातला पहिला घास त्याला द्यायचा. ते लेकरू चाळिशीचं असलं तरी द्यायचा. याला आम्ही हौसेचा घास म्हणतो. तो दिल्याशिवाय मेलेल्यांची नावं सुरू होत नाहीत.

गेल्या वर्षीची गोष्ट. सीमेवर पडलेल्या एका मुलाची तसबीर पहिल्यांदाच ओळीत लागली. त्याची धाकटी बहीण, कॉलेजात जाणारी, गर्दीच्या अगदी मागे हाताची घडी घालून उभी होती. आईने हाक मारली. ती आली नाही. पुन्हा मारली, तर म्हणाली, "मला भूक नाही." बाप तसबिरीसमोर घास धरून उभा राहिला. सगळं गाव थांबलं, आमदार आले होते तेही थांबले, बँडवाले थांबले. उन्हाने वडे कडक झाले. कुणी तिला रागावलं नाही, कुणी समजावलंही नाही. शेवटी ती पायऱ्या उतरून आली, बापासमोर उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "तुम्ही वर्षभर माझ्याशी बोलला नाहीत, पप्पा."

बाप म्हणाला, "व्हय गं, न्हाई बोललो," आणि तिने तोंड उघडलं.

मग नावं सुरू झाली.